‘सध्याचे पद’च्या रकान्यात काय लिहायचं?

आमच्या भागात पोरगं काय शिकलं हे कोणी विचारत नाही. ‘लागलं का कुठी?’ असं विचारतात. आयटीआयवाल्याला हा प्रश्न जरा दमानं येतो, डी.फार्म.वाल्याला कौतुकानं येतो. बी.ए.वाल्याला तो शेवटच्या वर्षाचा निकाल लागण्याआधीच येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तरही तयार असतं. मी बी.ए. आहे. मराठी वाङ्मय, इतिहास, राज्यशास्त्र. कुठी लागलो नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बस स्टँडसमोर माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवृत्तीची मानपत्रं आणि मधल्या वेळात झेरॉक्स. शिवाय गावात माइक लागला की सूत्रसंचालन बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. घरचे म्हणतात, बोलायचे पैसे मिळत असते तर दुकान टाकायची गरजच नव्हती.

म्हणून आमच्या कॉलेजनं कला शाखेतल्या नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरवला तेव्हा बॅनरपासून माइकपर्यंत सगळं काम माझ्याकडे आलं. एक रुपयात पीकविमा निघायचा, तेव्हाची ही गोष्ट. यंदा पुन्हा तसाच कार्यक्रम आहे. त्याआधी त्या वेळचं एकदा लिहून टाकावं म्हणतो.

सत्कार कशासाठी होता हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, टीम येणार होती. नॅकच्या मूल्यांकनात तेव्हा सात निकष असायचे. पाचवा विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा. माजी विद्यार्थ्यांचा कॉलेजशी काय संबंध उरला आहे हे त्यातच बघायचे. म्हणजे माजी विद्यार्थी संघ पाहिजे, त्याच्या बैठका पाहिजेत, बैठकांचे फोटो पाहिजेत आणि फोटोवर तारीख अन् ठिकाण उमटलेलं पाहिजे. यात कोणी नाक मुरडू नये. निमित्त काही का असेना, ‘या, तुमचा सत्कार करायचा आहे’ असा फोन बी.ए.वाल्यांना पहिल्यांदाच गेला. आमच्या कॉलेजात सायन्स फार नंतर आलं, पण दर्शनी भिंतीवरचे फोटो सगळे सायन्सवाल्यांचे. कोणी एमबीबीएसला लागलं, कोणी बी.ई. झालं. कला शाखेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी. जिवंत माणूस एकही नाही.

प्राचार्य सरांनी यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. पाच नावं. पाचही जणांची माहिती गूगल फॉर्मवरून भरून घेतलेली: नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, विषय, सध्याचे पद, फोटो. ‘सध्याचे पद’पुढे लाल चांदणी. म्हणजे ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. सर म्हणाले, ‘यावरून मानपत्रं लिहून टाक. तुझा तर हातखंडा आहे.’

हातखंडा आहे, खरंच आहे. माझ्या कॉम्प्युटरवर मानपत्राची एक फाईल श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या काळापासून पडून आहे. ‘आपण खडतर परिस्थितीवर मात करून यशाचे उत्तुंग शिखर गाठले’ इथपासून ती सुरू होते. नाव बदललं की पोस्टमास्तरांना चालते, मुख्याध्यापकांना चालते, खरेदी-विक्री संघाच्या संचालकांनाही चालते. त्या रात्री मी पहिलं नाव टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, आणि सगळे कागद सारखेच दिसायला लागले. फरक फक्त पदाच्या ओळीत. बाकी माणूस गेला कुठं? मग ठरवलं, पाचही जणांना फोन करायचा आणि एकच विचारायचं. बी.ए.ला शिकलेलं कधी कामी पडलं का? पडलं असेल तर नेमकं कोणत्या दिवशी?

पहिला फोन नायब तहसीलदार साहेबांना. ते कॉलेजात मला दोन वर्षं पुढे होते, त्यामुळे अजून ‘दादा’च म्हणतो. त्यांनी उत्तर तयार ठेवल्यासारखं दिलं: राज्यशास्त्र. ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय. हे सगळ्यांचंच पाठ असतं. पण दादांनी पुढे सांगितलं ते वेगळं होतं. पहिल्याच पोस्टिंगला पाणीटंचाईची बैठक होती. सरपंच बाई दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसलेल्या आणि त्यांचे मालक पुढच्या रांगेत. गावचं पाणी किती खारं आहे हे तेच जोरजोरात सांगत होते. दादा म्हणाले, ‘मी त्यांना म्हटलं, भाऊ, तुम्ही बाहेर चहा घ्या, आम्ही ताईंशी बोलतो. ते गेले. पाच मिनिटं बाई काहीच बोलल्या नाहीत. मग जे बोलल्या, त्यातून कळलं की टँकर येतो तो गावाच्या खालच्या आळीत पोचतच नाही.’ हे मानपत्रात गेलं.

दुसरे पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत. त्यांनी कॉलेजला वॉटर कूलर दिला, म्हणून यादीत होते. ते म्हणाले, ‘खरं सांगू? काहीच कामी नाही पडलं. पण वॉटर कूलरवर नाव टाकलं नाही ना तुम्ही लोकांनी?’ टाकलं होतं.

तिसऱ्या अंगणवाडी पर्यवेक्षिका, धारणीकडे मेळघाटात बरीच वर्षं काढलेल्या. विषय समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र. गृहअर्थशास्त्राला आम्ही पोरं ‘सैपाकाचा पेपर’ म्हणायचो, आणि त्यांच्या प्रॅक्टिकलचा वास व्हरांड्यात आला की निमित्त काढून तिकडून चक्कर मारायचो. ताई आधी हसल्या. ‘तुम्ही जे लाडू खायला यायचे ना दादा, त्यात शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती, उष्मांक किती, हे आम्हाला तक्त्यात भरावं लागायचं. तोच तक्ता पुढं जन्मभर भरला.’

मग त्यांनी दंडघेराच्या पट्टीचं सांगितलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. ‘पट्टी कोणालाही लावता येते,’ ताई म्हणाल्या, ‘मूल पट्टीपर्यंत येणं हे खरं काम.’ दिवाळी झाली की तिथली कोरकू आदिवासी कुटुंबं कामासाठी डोंगर उतरून सपाटीवर येतात. लेकरं सोबत. परततात ती होळीला, कारण होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण. रजिस्टरमध्ये मधले महिने कोरे, शेरा एकच: स्थलांतरित. ताई म्हणाल्या, ‘समाजशास्त्रात हंगामी स्थलांतर नावाचा धडा होता. आम्ही त्याची कारणं लिहायचो, परिणाम लिहायचो. तिथं गेल्यावर लक्षात आलं, हे तर ठरलेलं वेळापत्रक आहे. मग आपलं वेळापत्रक त्यावर बसवायचं.’ दिवाळीआधी गाव हलण्यापूर्वी एकदा सगळी लेकरं मोजायची, आणि होळीच्या आठवड्यात, गाव भरलेलं असतं तेव्हा, पुन्हा. मधल्या काळात लाल पट्टीतलं लेकरू ज्या गावी गेलं असेल तिथल्या सेविकेला फोन. आपल्याकडे होळीला सगळे सुट्टी टाकतात. ताईंनी त्या आठवड्यात कधी टाकली नाही.

इथं माझी एक गोष्ट मध्येच सांगतो. मराठीच्या भाषाविज्ञानाच्या पेपरात आम्ही भाषाकुळं पाठ केली होती. आर्य कुळ, द्रविड कुळ, मुंडा कुळ. मुंडा कुळात संथाळी, मुंडारी, कोरकू. पाच मार्कांची टीप यायची. मी ती पूर्ण लिहिली आणि घरी आलो तेव्हा बाबांच्या वावरात हरभरा सोंगायला आलेली माणसं आपसात जे बोलत होती ते कोरकू होतं. मला त्या दिवशी त्याचं काही वाटलंही नाही. ताईंचं ऐकताना वाटलं.

त्यांच्या मानपत्रात मी लिहिलं, ‘आपण होळीच्या आठवड्यात कधीही सुट्टी घेतली नाही.’ सरांनी प्रूफ वाचून फोन केला: ‘हे काय लिहिलं? उत्तुंग शिखर कुठं गेलं?’ मी म्हटलं, ‘सर, शिखर काढलं, मेळघाट ठेवला.’ ते हसले, आणि ते हसले म्हणजे पास.

चौथा मुलगा माझ्यापेक्षा लहान. इतिहासाचा. गावोगावी ग्रामसभांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात वैयक्तिक दाव्याचा नमुना वेगळा, सामूहिक हक्कांचा वेगळा, आणि गावानं परंपरेनं राखलेल्या आख्ख्या जंगलाचा, म्हणजे सामूहिक वनस्रोताचा, नमुना ‘क’. दाव्याला पुरावे जोडावे लागतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही त्यात पुरावा धरतात. तो म्हणाला, ‘सर वर्गात प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं शिकवायचे, आठवतं? समकालीन पत्र वेगळं, शंभर वर्षांनी लिहिलेली बखर वेगळी. मी जबाब घेताना प्रत्येक आजोबांना विचारतो, हे तुम्ही पाहिलं की ऐकलं? पाहिलेलं एका कागदावर, ऐकलेलं दुसऱ्या कागदावर. उपविभागीय समितीत कोणी खोड काढायला बसला की हा फरक कामी येतो.’ इतिहासाच्या ज्या सरांनी हे शिकवलं ते आता हयात नाहीत. त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, गप्पा हाणायचो.

पाचव्या ताई दाल मिलवाल्या. बी.ए. अर्थशास्त्र. त्यांचं मला वेगळं विचारायची गरज नव्हती, कारण त्यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याच दुकानात टाइप झाला होता. तेव्हा सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना होती. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. आणि बँकेला रिपोर्ट लागतो. रिपोर्ट लिहून द्यायला एजंट बसलेलेच असतात. त्यांचा रिपोर्ट म्हणजे माझ्या मानपत्राच्या फाईलसारखाच, नाव बदलून सगळ्यांना चालणारा. ताईंनी एजंटला नाही म्हटलं, बी.ए. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक घेऊन दुकानात आल्या आणि माझ्या शेजारी बसून सांगायला लागल्या: स्थिर खर्च, बदलता खर्च, महिन्याला किती क्विंटल डाळ निघाली तर हप्ता भरून पैसा उरतो, चुनी गुरांसाठी विकली तर किती सुटतात. सगळ्यांची तूर जानेवारी-फेब्रुवारीत एकदमच बाजारात येते आणि भाव बसतो. गटातल्या बायांची तूर तेव्हा विकायची नाही, ठेवायची आणि डाळ करून वर्षभर विकायची, असा त्यांचा सगळा हिशोब. ‘सीमांत उपयोगिता अजून कळली नाही दादा,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘पण तूर कधी विकू नये हे कळलं.’

बँकेतल्या साहेबांनी त्यांना विचारलं होतं, ‘बी.ए. झालेल्या बाईला मशीनमधलं काय कळतं?’ हा प्रश्न मी डोक्यात ठेवला. ताईंनी बसवली ती मिनी दाल मिल अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली. आता ते पंजाबराव बघा. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरी जन्म. विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर. शेतीवर नाही, मशीनवर नाही. परत येऊन १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ज्यात विदर्भातली शेतकऱ्यांची पोरं शिकली. मग १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. वेदांवर डॉक्टरेट केलेल्या माणसाच्या नावाचं कृषी विद्यापीठ, त्यात तयार झालेली मशीन, आणि ती चालवणारी अर्थशास्त्राची बी.ए. हे मी कार्यक्रमात माइकवर बोललो. बँकेतले साहेब आले नव्हते, नाहीतर जास्त मजा आली असती.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात. दहा बाय आठचा होता. पाहुण्यांपैकी कोणाचा फोटो किती मोठा यावरून दोन दिवस फोन सुरू होते, एकांनी गॉगलमधला फोटो पाठवून ‘हाच टाका’ म्हणून सांगितलं, आणि सत्कारमूर्तींच्या फोटोंना शेवटी खालची पट्टी उरली. वरच्या पट्टीत गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव, सावित्रीबाई, बाबासाहेब. तेवढ्यावर कोणाचा वाद नव्हता. ही पट्टी लावताना दर वेळी मला एक गोष्ट गमतीची वाटते. आमच्या अमरावतीच्या विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचं, जे शाळेत गेले नाहीत आणि हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शिकवा असं गावोगाव कीर्तनात सांगत फिरले. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याला २००५ पासून नाव तुकडोजी महाराजांचं, ज्यांची शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. या दोघांनाही आमचा गूगल फॉर्म भरता आला नसता.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते अर्जनवीस काकाजी. यादीत त्यांचं नाव नव्हतं.

तहसीलच्या आवारात निंबाखाली त्यांचं टेबल. बी.ए. मराठी, १९८१. त्यांच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का आहे, कारण अमरावतीचं विद्यापीठ झालंच १ मे १९८३ ला. वारसनोंद, फेरफार, बांधाची भांडणं, सगळे अर्ज त्यांच्याकडे. शेतात जायला नवीन रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, आणि असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की वर्ष जातं. काकाजी माणसाला आधी पूर्ण बोलू देतात. शिव्या देऊन झाल्या, भावाचा उद्धार करून झाला, की विचारतात, ‘रस्ता पयले होता का नोता?’ त्या एका प्रश्नात कलम ठरतं.

आणि दुसरे अर्ज. शेतकऱ्यानं जीव दिला तर घरच्यांना शासनाची एक लाखाची मदत असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पण प्रकरण पात्र ठरावं लागतं. नापिकी होती का, कर्ज फिटत नव्हतं का, वसुलीचा तगादा होता का. बाई तेराव्यानंतर दिराला किंवा भावाला घेऊन येते. अशा वेळी काकाजी टेबलावरचे बाकीचे कागद बाजूला करतात, मागच्या हॉटेलातून चहा मागवतात आणि तिला बोलायला लावतात. दिराला नाही, तिला. सोसायटीचं किती, बँकेचं किती, परवानाधारक सावकाराचं किती, कोण घरी आलं होतं, काय बोललं होतं. मग लिहितात. तिच्या तोंडचं एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवतात. या अर्जाचे पैसे घेत नाहीत. त्यातले काही अर्ज माझ्या दुकानात टाइपला आले आहेत. एक शब्द जास्तीचा नसतो, आणि ‘दुर्दैवी’ हा शब्द मी त्यांच्या एकाही अर्जात पाहिलेला नाही.

मी सरांना म्हटलं, सहावं नाव काकाजींचं टाकू. सर माणूस चांगला आहे, हे आधी सांगतो. पण ते अडखळले. ‘पद काय लिहायचं रे? नॅकवाले विचारतील. आणि त्यांचं इंग्रजी राहिलं होतं ना, थर्ड क्लास आहे बहुतेक.’

मी म्हटलं, ‘सर, आपल्या अमरावतीचे सुरेश भट शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाले होते. १९५५ ला बी.ए. झाले. त्यांना बोलावलं असतं का नाही?’

‘अरे, ते सुरेश भट होते.’

‘१९५५ ला नव्हते, सर.’

सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘फॉर्म भरून घे.’

मी फोनवर फॉर्म उघडून निंबाखाली गेलो. काकाजींना विचारलं, सध्याचं पद काय टाकू? चष्मा कपाळावर सारत म्हणाले, ‘कायचं पद बाप्पा! लिही, निंबाखाली.’ तेच टाकलं. फॉर्मची काही हरकत नव्हती. लाल चांदणीला मजकूर लागतो, हुद्दा लागत नाही.

कार्यक्रम २३ फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला. सकाळी पोरांनी आवार झाडलं. मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि कला शाखेच्या मुलांनी स्पोकन इंग्लिश करावं यावर बराच वेळ बोलले. त्यावर मी इथं काही लिहीत नाही.

काकाजी आले नाहीत. आदल्या संध्याकाळी चार-पाच गावांवर गारपीट झाली होती. हरभरा सोंगून वावरात पडलेला, गहू आडवा. तेव्हा विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. ॲप चालेना, फोन लागेना, तेव्हा लोक सकाळपासून निंबाखाली. काकाजींनी निरोप पाठवला, ‘माह्याकडं आता माणसं हायेत, तुमचं उरकून घ्या.’

तरी त्यांचं मानपत्र मी वाचलं. सगळ्यात लहान तेच होतं. ‘आपण मराठी विषय घेऊन पदवीधर झालात. त्या मराठीत आपण या तालुक्यातल्या शेकडो माणसांचं म्हणणं सरकारदरबारी पोचतं केलं. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांना आधी बोलू दिलंत, मग लिहिलंत.’ एवढंच. सभागृहात विद्यार्थी होते, त्यांना काकाजी कोण हे ठाऊक नव्हतं. टाळ्या बेतानं पडल्या. तेवढ्यात नायब तहसीलदार दादा उठले. त्यांचं भाषण झालेलं होतं, तरी माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, ‘पोरांनो, यांचा अर्ज आमच्या टेबलावर आला की परत पाठवायला कारण सापडत नाही. सापडलं तर ते आमचं असतं.’ मग खरी दाद आली, आणि ती मागच्या रांगेतून आली. तिथं पोरांचे बाप बसले होते.

शाल, श्रीफळ आणि मानपत्र मी नंतर नेऊन दिलं. काकाजींनी मानपत्र उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाले, ‘सगळं बरोबर हाये. फक्त विनंती काय ते नाही यात.’ मी म्हटलं, ‘काकाजी, मानपत्रात विनंती नसते.’ ‘मंग याचं कोणी उत्तर कसं देईन?’ म्हणाले, आणि पुढच्या माणसाचा सातबारा मागितला.

यंदाचा फॉर्म मीच बनवतो आहे. ‘सध्याचे पद’पुढची चांदणी काढून टाकली, सरांना अजून सांगितलेलं नाही. एक रकाना वाढवला आहे: ‘कोणता विषय, कोणत्या दिवशी कामी पडला?’ तो भरलाच पाहिजे असं ठेवलं आहे. आपल्या कॉलेजची, कला शाखेची, कोणतीही बॅच चालेल. नागपूरचा शिक्का असलेली असो की अमरावतीचा. गावात, वावरात, आठवडी बाजारात, मुंबईत, जिथं असतील तिथली नावं द्या. घरी असलेल्या बायांची तर जरूर द्या. मागच्या यादीत एकही नव्हती, आणि माझ्या वर्गात निम्म्या मुली होत्या. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं, सोमवारी बंद. फोटो पासपोर्ट साइज आणा. गॉगल नको.